आरोग्यदिन संपल्यानंतरचे काम

औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्या हाती बहुधा आधी एखादे शिबिर किंवा आरोग्यदिन सोपवला जातो. तो यशस्वी करणे फारसे अवघड नसते. (योग दिनाला सभागृह भरते, 22 जूनला चटया कुठे ठेवल्या आहेत हेही कोणाला ठाऊक नसते.) गोव्यातील वेर्णा आणि कुंडई येथील औद्योगिक वसाहतींत काम करताना मी पाहिले ते असे की, उपक्रम ज्यांच्या उत्साहावर उभा राहिला त्यांची बदली झाल्यावरही तो चालू राहायचा असेल, तर तो आस्थापनेच्या रोजच्या कागदपत्रांत शिरलेला असावा लागतो.

उपाहारगृहाचेच पाहा. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस भिंतीवर लावून स्वयंपाक बदलत नाही. गोव्यात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी मासळी महागते आणि ताटात खारवलेली सुकी मासळी येऊ लागते. म्हणून त्या दोन महिन्यांचा आहार, टेबलावर मिठाची वाटी न ठेवणे आणि लोणचे मागितल्यासच वाढणे, या गोष्टी ठेकेदाराच्या करारात लिहून घ्याव्यात. ठेकेदार बदलला तरी अट पुढच्या निविदेत जाते. 1948 च्या कारखाने अधिनियमाने उपाहारगृहाच्या व्यवस्थापन समितीत कामगारांच्या प्रतिनिधित्वाचा विचार केला होता. अशी समिती असेल तर विषय तिच्याच बैठकीत मांडावा, कारण इतिवृत्तात नोंदलेला विषय पुढच्या बैठकीत आपोआप परत येतो.

रक्तदाब तपासणीत पहिल्या मोजणीपेक्षा पाठपुरावा महत्त्वाचा असतो. 140/90 किंवा त्याहून अधिक आढळलेली व्यक्ती पुन्हा तपासणीला आली का, याचा रकाना नोंदवहीत हवा. रात्रपाळीचे कामगार दुपारच्या व्याख्यानाला येत नाहीत आणि पाळी सुटल्यावर कंपनीची बस कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे पाळी सुटण्यापूर्वीची काही मिनिटे पर्यवेक्षकाकडून लेखी मंजूर करून घ्यावीत. वैयक्तिक नोंदी मात्र मनुष्यबळ विभागाकडे जाता कामा नयेत. त्या तिथे पोहोचल्याची नुसती कुणकुण लागली तरी लोक यायचे बंद होतात. व्यवस्थापनाला एकत्रित आकडे पुरतात, आणि ते नव्या आर्थिक वर्षाचे अंदाजपत्रक ठरण्याआधी द्यावेत. मार्चअखेरीस उरलेल्या पैशांतून फक्त टोप्या छापल्या जातात.