डीपीएफचा दिवा लागला की काय करावे: छोट्या ट्रॅक्टरचे रिजनरेशन

अमेरिकेत २५ एचपीच्या वरचा छोटा डिझेल ट्रॅक्टर नवा घेतला, तर त्याच्या सायलेन्सरच्या जागी बहुधा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. १९ किलोवॅटपासून (म्हणजे साधारण २५ एचपीपासून) पुढच्या इंजिनांना २०१३ पासून टियर ४ फायनल या तिथल्या प्रदूषण निकषांनी काजळीची जी कडक मर्यादा घातली, तिचा हा परिणाम आहे. बाजारात २४ आणि काही दशांश एचपीचे इतके ट्रॅक्टर का दिसतात, याचेही उत्तर त्याच आकड्यात आहे. भारतात ५० एचपीवरील ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे प्रदूषण निकष लागू झाले आहेत; त्यामुळे गावाकडच्या ज्यांच्या मोठ्या ट्रॅक्टरवर असा फिल्टर आहे, त्यांनाही पुढील बहुतेक मजकूर उपयोगी पडेल. आमची पेनसिल्व्हेनियात सहा एकर जागा आहे आणि ३३ एचपीच्या ट्रॅक्टरने मी उन्हाळ्यात गवत कापतो, हिवाळ्यात बर्फ हटवतो. रिजनरेशन, म्हणजे या फिल्टरची आतल्या आत होणारी सफाई, मी कितीतरी वेळा पाहिले आहे आणि सुरुवातीची दोन वर्षे ते चुकीच्या पद्धतीने हाताळले आहे.

आत काय घडते ते आधी समजून घ्यावे. फिल्टर म्हणजे सिरॅमिकच्या बारीक नळ्यांचे पोळे असते. प्रत्येक नळीचे एकच टोक उघडे असल्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत जावे लागते आणि काजळी भिंतीवर राहते. ती जाळून टाकणे म्हणजे रिजनरेशन. त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि हलक्या कामात धूर तेवढा तापत नाही. म्हणून इंजिनाचा संगणक सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जास्तीचे डिझेल सोडतो, ते फिल्टरच्या अलीकडच्या उत्प्रेरकात जळते आणि त्या उष्णतेने काजळी पेटते. मात्र तो उत्प्रेरकच अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली नीट काम करत नाही. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

दिवा लागला की प्रथम तो कोणता आहे ते पाहावे. यंत्र आपोआप रिजनरेशन करत आहे, ते तुम्हाला रेस वाढवायला सांगत आहे, की उभ्याने रिजनरेशन करायला सांगत आहे, या तीन वेगळ्या सूचना आहेत आणि त्यांची चिन्हे प्रत्येक कंपनीची थोडी निराळी असतात. मॅन्युअलमधील ते एक पान फोटो काढून फोनमध्ये ठेवावे.

आता खरी अडचण. काम चालू असताना आपोआप रिजनरेशन सुरू होते, इंजिनाचा आवाज बदलतो, उग्र वास येतो, आणि जुन्या ट्रॅक्टरवर शिकलेल्या माणसाचा हात लगेच रेस कमी करायला जातो. काहीतरी बिघडले आहे, इंजिनाला जरा दम द्यावा, असे त्याला वाटते. हीच सर्वांत मोठी चूक आहे. रेस कमी झाली की धूर थंड होतो, उत्प्रेरकात डिझेल नीट जळत नाही आणि सफाई अर्धवट राहते. ओल्या लाकडांची चूल फुंकर मारायची सोडून दिली की जशी नुसती धुमसत राहते, तसेच हे आहे. दिवा दिसला की रेस २००० आरपीएमच्या वर किंवा थेट पीटीओच्या (मागचे अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या) ५४० च्या खुणेवर न्यावी आणि दिवा विझेपर्यंत भार देऊन काम चालू ठेवावे. साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात.

मला ट्रॅक्टर विकणाऱ्याने सांगितले होते की डिझेल वाचवायचे असेल तर १४०० आरपीएमवर काम करा. मी ते निष्ठेने पाळले. आमचा रस्ता लहान आहे, बर्फ वीस मिनिटांत बाजूला होतो. त्यामुळे इंजिन तापून रिजनरेशन सुरू होईपर्यंत माझे काम संपलेले असे आणि मी चावी फिरवून घरात जात असे. पुढच्या बर्फात पुन्हा तेच. भरीस भर म्हणून शेडजवळ गरम धूर नको या भीतीने मी रिजनरेशन रोखण्याचे बटण दाबले आणि ते तसेच विसरलो. दुसऱ्या हिवाळ्यात, वादळाच्या मध्यावर, लोडरचे बकेट भरलेले असताना इंजिनाची ताकद निम्म्यावर आली. मेकॅनिकने लॅपटॉप जोडून सक्तीची सफाई केली आणि त्याचे बिल भरताना १४०० आरपीएमवर वाचवलेल्या डिझेलचा हिशेब करण्याची मला इच्छा राहिली नाही.

त्याहून वाईट गोष्ट डिपस्टिकवर दिसली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर आले होते आणि त्याला डिझेलचा वास येत होता. उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांपलीकडे उतरून ऑइलमध्ये मिसळतो. प्रत्येक अर्धवट रिजनरेशनला थोडा, आणि मी तर दोन हिवाळे ते अर्धवटच सोडत होतो. ऑइल पातळ झाले की बेअरिंगचे संरक्षण जाते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर तास मोजत न बसता ते ताबडतोब बदलावे. पातळी कमी झाली की सगळे घाबरतात, वाढली की कोणालाच काही वाटत नाही, हे माझ्या समजण्यापलीकडचे आहे.

म्हणून आता मी छोटी कामे साठवून एका दमात करतो, ट्रॅक्टर विनाकारण आयडलवर ठेवत नाही, आणि काम संपताना दिवा लागलेला असेल तर चढावरून आणखी दोन-तीन फेऱ्या मारतो, पण मध्येच बंद करत नाही. रोखण्याचे बटण फक्त खरोखर धोका असेल तेव्हाच वापरावे: कोरडे गवत, पेंढा, बंद गोठा, जवळ उभी माणसे किंवा जनावरे. तिथून बाहेर पडल्यावर ते लगेच मोकळे करावे. मी त्याच्याशेजारी लाल चिकटपट्टी लावली आहे.

उभ्याने करायचे रिजनरेशन सोपे आहे. इंजिन तापलेले असताना ट्रॅक्टर उघड्यावर खडी किंवा काँक्रीटवर लावावा, गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला, रेस आयडलवर, रोखण्याचे बटण मोकळे. मग रिजनरेशनचे बटण दाबावे. रेस आपोआप वाढते. यातील एकही अट राहिली तरी ते सुरूच होत नाही आणि लोक सेन्सरला दोष देतात. अर्धा तास लागतो असे धरून चालावे, ट्रॅक्टर सोडून जाऊ नये, आणि संपल्यावर पाच मिनिटे आयडलवर ठेवून मगच बंद करावा.

ऑइल कमी राखेचे, म्हणजे सीजे-४ किंवा सीके-४ दर्जाचेच घालावे. काजळी जळते, पण ऑइलमधील कॅल्शियमसारख्या द्रव्यांची राख कधीही जळत नाही, ती फिल्टरमध्ये साठतच जाते. ती काढण्यासाठी फिल्टर उतरवून विशेष यंत्रावर साफ करावा लागतो. या आकाराच्या इंजिनांत ती वेळ साधारण ३००० तासांनंतर येते. अंगणात प्रेशर वॉशरने फिल्टर धुण्याचा सल्ला देणाऱ्यांपासून दूर राहावे. फिल्टर पोकळ करून संगणकाला फसवण्याचा सल्ला तर अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टनुसार बेकायदा आहे, आणि ज्याने तो दिला त्याच्याकडून मी खिळासुद्धा विकत घेणार नाही.

प्रत्येक रिजनरेशनच्या वेळी तासमीटरचा आकडा वहीत लिहावा. तेच काम, तोच हंगाम असूनही दोन रिजनरेशनमधील अंतर वीस तासांवरून आठ-दहा तासांवर येऊ लागले, तर दोष बहुधा फिल्टरच्या अलीकडे असतो: इंजेक्टर, टर्बोच्या नळीची गळती, चिकटलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) किंवा चोंदलेला एअर फिल्टर. एअर फिल्टर स्वतः पाहावा, बाकीच्यांसाठी वही घेऊन मेकॅनिककडे जावे.