सातारा-सांगलीतून प्लाझमॉनिक सीडीकडे: एम.एस्सी.च्या प्रकल्पाआधी वाचा

सोन्याच्या नॅनोरॉडवर (नॅनोमीटर मापाच्या कांड्यांवर) सिस्टीन हे अमिनो आम्ल चढवून त्यांची कायरॅलिटी, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारखा वेगळेपणा, मोजणं, हा विषय साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजातून करता येतो. यूव्ही-व्हिजिबल, सेंट्रिफ्यूज आणि खरोखर शुद्ध पाणी असलं की निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं. सर्क्युलर डायक्रोइझमचं, म्हणजे सीडीचं यंत्र (डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक मोजणारं) मात्र बहुधा पुण्यातच गाठावं लागतं. आय-स्टेम या संशोधन-यंत्रांच्या सरकारी पोर्टलवर यंत्र शोधा आणि स्लॉट घेण्याआधीच डिटेक्टर किती नॅनोमीटरपर्यंत धड चालतो ते विचारून घ्या. साधी फोटोमल्टिप्लायर ट्यूब असेल तर ८०० च्या पुढे गोंगाटच जास्त येतो. तुमच्या रॉडचं शोषणाचं (प्लाझमॉनचं) शिखर ८५० ला असेल तर सगळं मुसळ केरात. म्हणून शिखर ६५० ते ७०० च्या दरम्यान आणा.

त्याचा लगाम सिल्व्हर नायट्रेटच्या हातात असतो. नेहमीची कृती अशी: ०.२ मोलर सीटॅब (रॉडवर थर देणारा साबणासारखा पदार्थ) ५ मिली, ४ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट ०.१ मिली, १ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल ५ मिली. त्यात ७८.८ मिलिमोलर अस्कॉर्बिक आम्ल ७० मायक्रोलिटर टाकलं की पिवळा रंग पूर्ण जातो. मग ताजं सीड (सोन्याचे बारीक बीजकण) १२ मायक्रोलिटर. तापमान २७ ते ३० अंश. रंग १०-२० मिनिटांत चढू लागतो. शिखर फार लांब गेलं तर सिल्व्हर कमी करा. रॉडऐवजी गोल कणच येत राहिले तर आधी सीटॅबची बाटली बदलून बघा. त्यात आयोडाइडची अशुद्धी असली तर रॉड होत नाहीत, आणि लेबलवरच्या शुद्धतेवरून ती कळत नाही.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सीटॅबच्या बाटलीत पांढरे स्फटिक दिसले तर घाबरू नका. साधारण २५ अंशांखाली ते बसतंच. कोमट पाण्यात बाटली ठेवून द्रावण नितळ झाल्यावरच पिपेट लावा, नाहीतर वरचं पातळ द्रावण घेतलं जातं आणि पुढचं सगळं प्रमाण चुकतं. याच कारणाने पुण्याला नेताना नमुना बर्फाच्या डब्यात घालू नका.

सिस्टीन कॉलेजात मिसळून नेणं ही सर्रास होणारी चूक. रॉडची जुळणी, म्हणजे त्यांचं एकमेकांना जोडलं जाणं, एसटीत बसल्या बसल्या पुढे सरकत राहते आणि पोचेपर्यंत तळाशी काळसर गाळ असतो. रॉड वेगळे न्या, सिस्टीन कोरडं न्या आणि द्रावण तिथेच करा, कारण हवेत त्याचं हळूहळू सिस्टिन (दोन सिस्टीन जोडून झालेला वेगळा पदार्थ) होतं. रॉड आधी धुऊन सीटॅब १ मिलिमोलरच्या आसपास आणलेलं असावं. त्याहून जास्त धुतलं तर सिस्टीन घालायच्या आधीच ते एकमेकांना चिकटतात. सिस्टीन मायक्रोमोलर पातळीवरून वाढवत जा. यूव्हीत शिखर लाल बाजूला सरकलं तर टोकाला टोक जुळतंय, निळ्या बाजूला सरकलं तर कुशीला कूस.

एकटं एल-सिस्टीन मोजून परत येऊ नका. एल, डी (त्याचं आरशातलं रूप) आणि दोन्हींचं समसमान मिश्रण, तिन्ही एकाच दिवशी, एकाच रॉडच्या बाटलीतून. एल आणि डीचे आलेख एकमेकांचे आरसे हवेत, मिश्रणाचा सपाट. तसे नसतील तर दिसतंय त्यातलं बरंचसं यंत्राचं किंवा गाळाचं आहे, असं आम्ही धरतो. प्लॅस्टिकचं क्युव्हेट (नमुन्याची चौकोनी कुपी) अजिबात नको, त्यातला ताण स्वतःच सिग्नल देतो. ब्लँक (तुलनेसाठी रॉडविना घेतलेलं मोजमाप) नुसत्या पाण्याचं नको, तेवढ्याच सीटॅबचं घ्या. शोषण १ च्या आत ठेवा, आणि डिटेक्टरचं व्होल्टेज ६००-७०० च्या वर गेलं तिथला आलेख सोडून द्या.

नमुना काचेवर सुकवलेला थर असेल तर तो ९० अंशांत फिरवून आणि उलटा करून पुन्हा मोजा. खरी कायरॅलिटी फिरवल्याने पालटत नाही. रेषीय डायक्रोइझमची (रॉड एका दिशेत झुकल्याने येणाऱ्या शोषणातल्या फरकाची) भेसळ असेल तर चिन्हसुद्धा बदलतं.

प्रबंधात नुसते मिलिडिग्री लिहू नका, जी-गुणक द्या. मिलिडिग्रीला ३२९८० ने भागलं की शोषणातला फरक मिळतो, त्याला एकूण शोषणाने भागा. २० मिलिडिग्री आणि शोषण १ असेल तर जी सुमारे ०.०००६. २०१८ मध्ये कोरियातल्या गटाने सिस्टीन, ग्लुटाथायोन वापरून मुळातच पिळदार वाढवलेल्या सोन्याच्या कणांत तो ०.२ पर्यंत नेला. जुळणीतून आलेला तुमचा आकडा त्याच्या जवळपास दिसला, तर आधी भागाकार तपासा आणि मग ब्लँक.