आजोबा ‘जर्मनीवर’ गेले होते? पलटणीचा माग काढायची रीत

‘आमचा आजा जर्मनीत होता’ एवढ्या एका वाक्यावर शोध सुरू केला तर तो पहिल्याच पायरीवर फसतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मनीचा ताबा घेणाऱ्या फौजांत भारतीय डिव्हिजन नव्हती. घरात सांगितली जाणारी ‘जर्मनी’ बहुतेक वेळा चारपैकी एका ठिकाणी जाऊन थांबते.

पहिले ठिकाण इटली. 4, 8 आणि 10 या भारतीय डिव्हिजन तिथे जर्मनांशी लढल्या आणि युद्ध थांबल्यावरही ईशान्य इटलीत, ट्रिएस्टच्या भागात, भारतीय तुकड्या काही काळ होत्या. दुसरे ग्रीस. 4 क्रमांकाची डिव्हिजन 1944 च्या अखेरीस इटलीतून तिकडे गेली. तिसरे युद्धकैद. जून 1942 मध्ये लिबियातले टोब्रुक पडले तेव्हा 2/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण, शत्रूच्या हाती सापडली. आफ्रिकेत पकडलेले भारतीय कैदी आधी इटलीच्या छावण्यांत गेले आणि त्यातले पुष्कळ पुढे जर्मनीत. याच कैद्यांतून सुभाषबाबूंच्या जर्मनीतल्या आझाद हिंद लीजनमध्येही माणसे गेली. चौथे ठिकाण कुणाला सुचत नाही, ते म्हणजे जपान. इटलीत लढलेली 1/5 मराठा 1946 मध्ये जपानवर ताबा ठेवणाऱ्या राष्ट्रकुल फौजेत होती. एकाच आजोबांच्या तोंडी ‘जर्मन’ आणि ‘जपान’ दोन्ही शब्द येत असतील तर नातवंडांनी त्यांची टर उडवू नये. दोन्ही खरे असू शकते.

म्हणून देश बाजूला ठेवा आणि आधी नंबर शोधा. शिपायाचा लष्करी नंबर हाती नसेल तर कोणतेही रेकॉर्ड ऑफिस ‘गणपत सीताराम, जिल्हा भंडारा’ एवढ्यावर माणूस शोधून देत नाही.

घरातली पेटी

माळ्यावरची लोखंडी पेटी पावसाळ्यात उघडू नका. ओलसर हवेत घडीचे जुने कागद उलगडताना फाटतात. कोरड्या दिवशी सुती कापडावर एकेक कागद पसरा, खिडकीच्या उजेडात मोबाईलने दोन्ही बाजूंचे फोटो काढा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. वाळवी लागलेला कागद झटकायचा नाही, मऊ ब्रशने साफ करायचा.

शोधायचे ते हे: डिस्चार्ज सर्टिफिकेट, पगाराचे पुस्तक, पेन्शनचा कागद म्हणजे पीपीओ, पत्रे, फोटो, पदके. आजीला फॅमिली पेन्शन मिळत होती का ते विचारा. मिळत असेल तर बँकेच्या किंवा पोस्टाच्या जुन्या पासबुकावर पीपीओ नंबर असू शकतो आणि त्यावरून लष्करी नंबर निघतो. पत्रावर गावाचे नाव नसते, ‘एफ.पी.ओ.’ आणि एक आकडा असतो. तो फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर. तारखेसकट टिपून ठेवा, पुढे पलटणीच्या डायरीशी ताडून बघता येतो. पत्त्यात ‘सी.एम.एफ.’ असेल तर भूमध्य आघाडी, म्हणजे इटली-ग्रीस. फोटोची मागची बाजू न चुकता पाहा. परदेशी स्टुडिओचा शिक्का गावाचे नाव सांगून जातो.

पदके ब्रासोने घासू नका. भारतीय सैनिकांच्या पदकांवर अनेकदा नंबर, हुद्दा, नाव कोरलेले असते: गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या पाठीवर. घासून घासून नेमके तेच झिजते. भिंग आणि तिरपा उजेड वापरा. इटली स्टारची फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशा पाच सारख्या पट्ट्यांची. हा तारा 11 जून 1943 ते 8 मे 1945 या काळातल्या सेवेसाठी आहे आणि त्यात ग्रीसही मोडते. त्यामुळे इटली स्टार आहे म्हणजे माणूस इटलीतच होता असे ठरत नाही. उलट 8 मे नंतर तिकडे पोचलेल्याला तो मिळायचाच नाही. तारा नाही म्हणून आजोबा युरोपात नव्हते, हा निष्कर्ष काढू नका.

पत्र कुणाला लिहायचे

शिपायांचे रेकॉर्ड दिल्लीत एका जागी नसते, ते त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, सिग्नल्सचे जबलपूरला, मेडिकल कोअरचे लखनौला. विदर्भात एक चूक हमखास होते. ‘आजोबा कामठीला भरती झाले’ म्हणून लोक कामठीच्या गार्ड्स सेंटरला पत्र लिहितात. गार्ड्स ब्रिगेड 1949 मध्ये उभी राहिली. कामठी ही त्याच्या कितीतरी आधीपासूनची छावणी. भरतीचे ठिकाण आणि रेजिमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी चूक आकड्याची. कागदावर ‘3/5 मराठा’ दिसले तर ती तारीख नव्हे आणि आजची 5 मराठाही नव्हे. त्या काळच्या पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण, असा त्याचा अर्थ. आणि आजोबा महार रेजिमेंटचे असतील तर इटलीचा हट्ट सोडा, कारण त्या रेजिमेंटच्या पलटणी इटलीतल्या या डिव्हिजनांत नव्हत्या. फाळणीत पाकिस्तानला गेलेल्या रेजिमेंटांत, उदाहरणार्थ बलुच, माणूस असेल तर वाट कठीण आहे हे आधीच धरून चाला.

पत्र साधे ठेवा, हिंदी किंवा इंग्रजीत, एक पान. नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचे नाव, पलटण, भरती आणि सुटकेचे अंदाजे साल, गाव-तहसील-जिल्हा. मागणी मात्र नेमकी हवी. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की ‘कागद उपलब्ध नाहीत’ असे उत्तर येते, आणि ते खोटेही नसते. पेन्शन न मिळालेल्या सैनिकांची सेवा-कागदपत्रे 25 वर्षांनंतर नष्ट केली जातात. युद्धासाठी भरती होऊन 1946-47 मध्ये सुटलेले बहुतेक याच गटातले. पण नष्ट होत नाही तो लाँग रोल. त्या मोठ्या नोंदवहीत प्रत्येक माणसाची एक ओळ असते. म्हणून पत्रात स्पष्ट लिहा: ‘सेवा-कागदपत्रे नष्ट झाली असल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा.’ हे वाक्य गाळल्यामुळे कितीतरी शोध तिथेच संपतात.

सोबत मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा, तुमच्या ओळखपत्राची प्रत. मूळ कागद कधीही पाठवू नका. मृत्यूची तारीख सापडत नसेल तर तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढा, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यातच मिळतात. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जाऊ द्या. पेन्शन नसलेल्या महायुद्धातल्या सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना राज्याचे मानधन मिळते. आजोबा-आजींनी ते घेतले असेल तर या कार्यालयाच्या फायलीत नंबर आयताच सापडेल. तिथे आधी जा, चहापाण्याची वेळ टाळून.

उत्तर आलेच नाही तर माहिती अधिकार: 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत, नंतर पहिले अपील. पहिल्याच फटक्यात मात्र हा अर्ज टाकू नये. वारसाच्या साध्या पत्राला कारकून वही उघडून बघतो, माहिती अधिकाराला नियमापुरते उत्तर देतो.

जिल्हा कोणता लिहायचा

आजचा जिल्हा लिहून भागत नाही. गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यात होता, वाशीम 1998 पर्यंत अकोल्यात, गडचिरोली 1982 पर्यंत चंद्रपुरात. आणि चंद्रपूर तेव्हा ‘चांदा’ होते. यवतमाळ इंग्रजीत ‘येओटमल’, अमरावती ‘अम्राओती’, प्रांत ‘सी.पी. अँड बेरार’. आडनाव लिहिलेलेच नसणे नेहमीचे. कधी जात आडनावाच्या जागी बसलेली दिसते. जन्मतारखेवर भांडू नका. भरतीच्या वेळी वय अंदाजाने सांगितले जाई.

पलटणीची डायरी

लाँग रोलने पलटण दिली की माणूस नव्हे, पलटण कुठे होती ते शोधायचे. प्रत्येक पलटणीची वॉर डायरी असे, रोजची दोन-चार ओळींची. इटलीच्या आघाडीवरच्या डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. बऱ्याचशा ऑनलाइन वाचता येत नाहीत. पण तिथे वाचक कार्ड फुकट मिळते आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे लागत नाहीत. तालुक्यातले कुणी पोर लंडनला शिकायला असेल तर त्याला पलटणीचे नाव, साल आणि फाइल नंबर लिहून द्या. फाइल नंबर घरबसल्या त्यांच्या सूचीत शोधून ठेवायचा, म्हणजे त्याचा एक दिवस पुरतो. दिल्लीतल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर चाळता येतात.

डायरीत आजोबांचे नाव शोधू नका. अधिकाऱ्यांची नावे असतात, शिपाई ‘आय.ओ.आर.’ (इंडियन अदर रँक्स) म्हणून फक्त मोजलेले असतात: दोन जखमी, एक बेपत्ता. लाँग रोलमधल्या तारखा डायरीवर ठेवून बघायच्या. भरती, ट्रेनिंग, बोटीचा प्रवास यांत महिने जातात. 1945 च्या सुरुवातीला भरती झालेला माणूस त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या इटलीतल्या लढाईत असणे अवघडच, त्यानंतरच्या ताब्याच्या काळात असणे शक्य.

कैदी असण्याचा संशय असेल तर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे अर्ज करता येतो. ते वर्षातून ठरावीक वेळीच आणि मोजकेच अर्ज घेतात. कोटा भरला की फॉर्म बंद, म्हणून माहिती आधीच भरून तयार ठेवा.

माणूस परतलाच नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधा, तेही नंबरने. हिंदू सैनिकांचे बहुधा दहन झाले, म्हणून कबर सहसा सापडत नाही. नाव इटलीतल्या फोर्ली किंवा सांग्रो नदीकाठच्या दहन-स्मारकावर, नाहीतर कॅसिनोच्या स्मारकावर असू शकते. नोंदीत पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा’ असेही असते. नावाने नाही मिळाले तर देश ‘इटली’, रेजिमेंट ‘5 मराठा’ एवढेच भरा आणि चांदा, येओटमल, बेरार हे शब्द डोळ्यांनी शोधत यादी खाली सरकवत जा.