सह्याद्रीतला सरडा, ओढ्यातला मासा : उत्क्रांतीच्या अभ्यासासाठी नमुना कसा घ्यावा

घाटाच्या दोन्ही अंगांना सापडणारा मळ्या मासा एकाच जातीचा आहे का? शेजारच्या दोन सड्यांवरचे (कातळी पठारांवरचे) सरडे एकमेकांपासून किती काळ तुटलेत? अशा प्रश्नांचं उत्तर प्रयोगशाळेत निघतं खरं, पण ते कितपत विश्वासाचं ठरणार हे ओढ्याकाठीच ठरून जातं. ऊतकाची नळी, मोजमापं, जिवंतपणीचा फोटो आणि नेमकी जागा, ही चारही एकाच प्राण्याची आहेत हे वीस वर्षांनीही दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक प्राण्याला एकच क्षेत्र-क्रमांक द्या आणि तो वही, नळी, फोटो व चिठ्ठी या सगळ्यांवर लिहा. एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा वापरू नका, पुढच्या वर्षीही नाही.

परवानगीशिवाय प्राण्याला हात लावू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन विभागाची लेखी परवानगी लागते, संरक्षित क्षेत्रासाठी वेगळी. संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरीही आधीच घ्या. या कामाला महिने लागतात, म्हणून हंगामाच्या बरंच आधी अर्ज करा.

जागा

सगळ्यात जास्त नमुने इथे वाया जातात. चिठ्ठीवर नुसतं ‘महाबळेश्वर’ लिहिलेला मासा अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. कृष्णा, कोयना आणि वेण्णा तिथून पूर्वेला जातात, तर सावित्री तिथूनच कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. माशांच्या बाबतीत नदीखोरं हाच मुख्य प्रश्न असतो आणि त्या चिठ्ठीवर तेच नसतं. ओढ्याचं नाव, तो कोणत्या नदीला मिळतो, जवळचं गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि अक्षांश-रेखांश दशांश अंशांत पाच स्थळांपर्यंत लिहा. म्हणजे चूक मीटरभराच्या घरात राहते. जीपीएसला डब्ल्यूजीएस ८४ हीच अक्षांश-रेखांश मोजण्याची प्रणाली लावलेली आहे ना, ते पाहा.

सरड्यांसाठी जमीन कशी आहे ते नोंदवा: कातळ, मुरूम, गवत की झुडपं. आसपास पवनचक्क्या, रस्ता किंवा खाण असेल तर तेही लिहा. साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार २०१६मध्ये वर्णन झालेल्या ‘सरडा सुपर्बा’ या जातीचं घर आहे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी आणि सरडे दाट आढळले. त्यांची वागणूक, शरीरक्रिया आणि बांधाही वेगळा होता. पवनचक्कीची नोंद वहीत नसेल, तर असा फरक उद्या कोणीतरी वेगळ्या जातीचं लक्षण म्हणून मांडेल.

पकडणं आणि फोटो

सरड्यासाठी दोन-तीन मीटरची मासेमारीची काठी आणि टोकाला डेंटल फ्लॉसचा सरकता फास पुरतो. सकाळी ऊन खात बसलेला सरडा पाहा, समोरून जाऊ नका. फास मानेत बसला की लगेच उचलून हातात घ्या, लटकत ठेवू नका. शेपटी धरू नका. पालीची शेपटी पुन्हा उगवते, पण गळ्याला पंखा असलेल्या सरड्याची तशी उगवत नाही.

ओढ्यात वाहत्या पाण्याला हातजाळं आणि डोहाला पाग (फेकायचं जाळं) वापरा. दगडाखालचे मुऱ्या मासे पागात येत नाहीत. त्यांच्यासाठी प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळं धरून त्याच्या वरच्या अंगाचा दगड हलवा. माशांना शांत करायला लिटरभर पाण्याला ०.०४ ते ०.०६ मिलिलिटर लवंग तेल पुरतं. ते आधी दहापट इथेनॉलमध्ये मिसळा. थेट टाकलं तर वर तरंगतं आणि मासा नुसताच तडफडतो.

फोटो जिवंतपणी काढा, कारण इथेनॉलमध्ये लाल-नारिंगी रंग आधी उडतात. माशाची डावी बाजू, पर पसरलेले, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. मोजपट्टी प्राण्याच्याच पातळीवर हवी, खाली टेबलावर ठेवली तर माप चुकतं. नर सरड्याच्या गळ्याचा पंखा मऊ चिमट्याने हळूच पुढे ओढून त्याचा बाजूने फोटो घ्या. पंखा पोटावर मागे कुठवर जातो, त्यावर निळा, काळा, नारिंगी रंग कुठे आहे, हीच जाती ओळखण्याची मोठी लक्षणं आहेत. रंग विणीच्या हंगामात खुलतो, म्हणून फोटोला तारीख हवीच.

मोजमाप

डिजिटल व्हर्नियर वापरा, ०.१ मिमीपर्यंत. सरड्याची लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळाशी असलेल्या आडव्या फटीपर्यंत. शेपटीचं माप वेगळं, आणि पालीची शेपटी तुटून उगवलेली असेल तर ‘उगवलेली’ असं स्पष्ट लिहा. डोक्याची लांबी-रुंदी, काख ते जांघ, मागच्या पायाची लांबी, चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या. हे नेहमी एकाच बाजूचं घ्या.

माशाची प्रमाण लांबी थुंतरीच्या (तोंडाच्या पुढच्या भागाच्या) टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत. शेपटी किंचित वाकवली की जी घडी दिसते तिथे थांबा. पराच्या टोकापर्यंत मोजू नका, कारण टोकं झिजतात. पार्श्वरेषेवरचे (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवरचे) खवले कल्ल्याच्या कडेपासून त्याच घडीपर्यंत मोजा.

प्रत्येक माप तीनदा घ्या, आधीचा आकडा झाकून. फरक ०.२ मिमीहून जास्त आला तर पुन्हा घ्या. एका अभ्यासात एकाच माणसाने मोजावं. जिवंत आणि जतन केलेल्या प्राण्यांची मापं एकत्र करू नका, कारण जतन करताना शरीर आकसतं.

ऊतक आधी, फॉर्मॅलिन नंतर

हा क्रम उलटला की डीएनए गेला. फॉर्मॅलिन डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना जखडून टाकतं. माशाच्या उजव्या छातीपराचा तुकडा, सरड्याच्या मांडीचा किंवा यकृताचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग घ्या. सोडून द्यायच्या पालीच्या शेपटीचं टोक चालतं. शुद्ध इथेनॉल ऊतकाच्या किमान दहापट असू द्या आणि दुसऱ्या दिवशी बदला, नाहीतर ऊतकातल्या पाण्याने ते पातळ होतं. रंगाच्या दुकानातला स्पिरिट नको. दोन प्राण्यांच्या मध्ये कात्री पुसून ज्योतीवर धरा.

चिठ्ठी पेन्सिलीने जाड कागदावर लिहा आणि नळीच्या आत टाका. बॉलपेन आणि मार्करची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. बाहेर लिहिलेला क्रमांक एका गळक्या झाकणाने पुसला जातो.

मग उरलेला प्राणी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये: बाजारातलं फॉर्मॅलिन एक भाग, पाणी नऊ भाग. मोठ्या माशाच्या पोटाला उजव्या बाजूने चीर द्या, नाहीतर आतून कुजतो. डावी बाजू अखंड राहू दे. प्राणी सरळ ठेवूनच घट्ट होऊ द्या, वाकडा झालेला पुन्हा सरळ होत नाही. काही दिवसांनी पाण्यात धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये न्या. हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

जनुक आणि वंशवृक्ष

माशांसाठी सीओआय जनुकाचा साधारण ६५५ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा, पाली-सरड्यांसाठी एनडी२ आणि १६एस. ही तिन्ही जनुकं केंद्रकाबाहेरच्या मायटोकॉन्ड्रियातली. बेसचा क्रम हाती आला की सीओआय आणि एनडी२ यांचं प्रथिनांत भाषांतर करून पाहा. मध्येच थांबा-संकेत आला तर वाचनात चूक आहे किंवा केंद्रकात शिरलेली निकामी प्रत हाती लागली आहे.

दोन टक्के फरक म्हणजे नवी जात, असा नियम कुठेही नाही. जनुक, शरीर आणि जागा या तिन्ही पुराव्यांचा मेळ बसतो का ते पाहा. एखाद्या माशाचे पूर्ववाहिनी आणि पश्चिमवाहिनी नदीतले क्रम जवळजवळ सारखे आले, तर नमुने मिसळले असं लगेच ठरवू नका. आधी वही तपासा, मग एका नदीने दुसरीचा उगम कापून घेतला असेल का, याचा विचार करा.

डोकं मोठं की लहान हे ठरवण्याआधी शरीराच्या लांबीचा परिणाम वजा करा, नर-मादी वेगळे ठेवा, पिल्लं वगळा. आणि अनेक जातींची तुलना करताना प्रत्येक जात हा स्वतंत्र बिंदू समजू नका. जवळच्या जाती सारख्या दिसतात कारण त्यांचा पूर्वज एकच. उत्क्रांतीशास्त्रज्ञ फेल्सेनस्टाइन यांनी १९८५मध्ये यावर स्वतंत्र तफावतींची पद्धत सुचवली, तिच्यात जातींऐवजी वंशवृक्षावरच्या फांद्यांमधले फरक तोलतात. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेतल्या ‘एप’ संचात ती तयार मिळते.

जेनबँक या जनुकक्रमांच्या सार्वजनिक साठ्यात क्रम भरताना नमुन्याच्या रकान्यात संग्रहालयाचा क्रमांक लिहा, आणि मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) किंवा पुण्याच्या झेडएसआयच्या (भारतीय प्राणी सर्वेक्षण) संग्रहात प्राणी जमा करताना त्यांच्या नोंदवहीत तुमचा क्षेत्र-क्रमांकही चढवून घ्या.