गहू किती पेरायचा, ते विहिरीला विचारा

सोयाबीन निघालं की मंडीची घाई, मंडीतून परतलं की गव्हाच्या बियाण्याची. या गडबडीत विहिरीत डोकावायचं राहूनच जातं. इंदूर, सांवेर, देपालपूर हा पट्टा केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यमापनात अतिउपशाचा ठरलेला आहे. तेव्हा गव्हाचं क्षेत्र पाणी पाहूनच ठरवा.

हिशेब सोपा आहे. एका एकराला 5 सेंटिमीटरचं पाणी द्यायचं म्हणजे साधारण 2 लाख लिटर. 20 फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 9 हजार लिटर. म्हणजे एका एकराच्या एका पाण्याला बावीस-तेवीस फूट उपसा! एवढं पाणी साठ्यातून निघत नाही, ते झऱ्यांतून यावं लागतं. म्हणून संध्याकाळी मोटर बंद झाली की दोरीला दगड बांधून पातळी बघा, दोरीला गाठ मारा. सकाळी पुन्हा दोरी सोडा. रात्रीत किती फूट चढलं, तोच तुमचा खरा साठा. आणि दिवाळीचा झरा जानेवारीत तसाच राहत नाही, हेही धरून चाला.

चार-पाच पाण्यांची खात्री असेल तेवढ्याच रानात भरपूर पाण्याचा गहू घ्या. बाकीच्यात हरभरा, किंवा कमी पाण्यावर येणारा गहू. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राचे हर्षिता (एचआय 1531) आणि कठिया (ड्युरम) गव्हातला मालवकीर्ती (एचआय 8627) हे वाण त्यासाठीच आहेत. ते 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबरच्या दरम्यान ओलीवर पेरा. एकच पाणी असेल तर ते 35 ते 40 दिवसांनी द्या. दुसरं असेल तर सत्तरीच्या आसपास. हरभऱ्याला मात्र फुलात पाणी नको, फूल गळतं आणि नुसता पाला वाढतो. फुलाच्या आधी एक आणि घाटे भरताना एक पुरे.

ओल टिकवायची तर सोयाबीन काढल्यावर वेळ दवडू नका. काळी जमीन उघडी पडली की भेगाळते, आणि त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. लगेच हलकी वखराची पाळी द्या, मागून पाटा फिरवा. भरपूर पाण्याच्या गव्हासाठी पलेवा, म्हणजे पेरणीआधी रान भिजवून घ्यायची सवय जुनी, पण त्यात एक अख्खं पाणी आणि आठवडाभर वाफशाची वाट बघणं जातं. कोरड्यात पेरून मग हलकं पाणी दिलेलं बरं. सारे, म्हणजे पाणी द्यायचे पट्टे, लांबच लांब ठेवू नका, वरच्या टोकाला पाणी तुंबतं नि खालचं टोक तहानलेलं राहतं. रात्रीची लाईट असेल तर नाक्यावर, पाणी वळवायच्या तोंडाशी, माणूस हवाच. नाका फुटून पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं, हे सकाळी कळून काय उपयोग? लसूण-बटाट्याला तुषार किंवा ठिबक, यावर वेगळं सांगायला नको.

शहरात राहून शेत बटाईनं (पिकाच्या वाट्यावर) देणाऱ्या आपल्या मंडळींना एक सांगणं. बटाईदाराला पुढच्या वर्षी तेच शेत मिळेल याचा भरवसा नसतो, मग विहीर राखायची त्याला काय गरज? पीक कोणतं आणि पाणी किती, हे बोलणीतच ठरवा. डिझेल-बियाण्यासारखी पाणी वाचवण्याच्या खर्चातही वाटणी घ्या. बांध, शेततळं ही कामं मालकाचीच. शेजारच्या देवासात, जिथे 1990 साली आगगाडीनं पाणी आणावं लागलं होतं, तिथे 2006 पासून शेतकऱ्यांनी आपापल्या रानात तळी खोदली आणि रब्बीचं क्षेत्र वाढवलं.

आता कुटार, म्हणजे सोयाबीनच्या मळणीनंतरचा भुसा. गुरं खातील तेवढं ठेवा, उरलेल्याला काडी लावू नका. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथेच, इंदुरात, कंपोस्टची पद्धत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर दोन-तीन फूट खोल खड्ड्यात घाला, ओलसर ठेवा, तीनदा उलथापालथ करा. तीन महिन्यांत खत तयार होतं. सोयाबीन निघाल्यावर भरलेला खड्डा माघापर्यंत रिकामा होईल, आणि एप्रिलमध्ये गव्हाची नरवाई (कापणीनंतर उरलेली धसकटं) टाकायला तोच पुन्हा कामाला येईल.