आर्थिक व्यवहारांचे मुखत्यारपत्र : सही आणि नोटरीच्या वेळी या चुका टाळा

मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला, म्हणजे मुखत्याराला, देणारा दस्त. त्याच्या मजकुरावर लोक वकिलाकडे चार खेपा घालतात, पण सही कोणासमोर आणि केव्हा करायची याकडे दुर्लक्ष करतात; नंतर अडचण येते ती नेमकी तिथे.

सर्वांत घातक चूक म्हणजे घरीच सही करून कागद दुसऱ्याच्या हाती शिक्क्यासाठी पाठवणे. मुखत्यारपत्र नोटरीसमोर करून दिलेले आणि त्याने अधिप्रमाणित केलेले (सही-शिक्क्याने खरे म्हणून प्रमाणित केलेले) असेल, तर ते रीतसर झाल्याचे न्यायालय गृहीत धरते. मात्र लिहून देणारा तेथे हजरच नव्हता हे उलटतपासणीत उघड झाले, तर त्या शिक्क्याला अर्थ उरत नाही. म्हणून मूळ ओळखपत्र घेऊन स्वतः जावे, प्रत्येक पानावर आणि खाडाखोडीपाशी सही करावी, नोटरीच्या नोंदवहीतही सही करावी आणि शिक्क्याजवळ नोंदीचा अनुक्रमांक व तारीख उतरली आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे.

मुद्रांक शुल्क सहीपूर्वी किंवा सहीच्या वेळी भरलेले असावे. त्याचा दर राज्यागणिक वेगळा असतो, आणि ते कमी पडल्यास फरकाची रक्कम व दंड भरेपर्यंत दस्त पुराव्यात घेतला जात नाही. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते. ही मुदत अनेकांच्या लक्षातच येत नाही.

स्थावर मालमत्तेच्या बाबतीत नोटरीवर विसंबू नये. तुम्ही सही केलेला दस्त मुखत्याराने नोंदणीसाठी दाखल करून तो तुम्हीच करून दिल्याची कबुली द्यायची असेल आणि तुमचे वास्तव्य भारतात असेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८च्या कलम ३३ नुसार ते मुखत्यारपत्र तुमच्या राहत्या भागातील निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोरच (दस्त नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) अधिप्रमाणित व्हावे लागते. आजारपणामुळे जाणे शक्य नसल्यास अधिकारी घरी येऊन खातरजमा करू शकतो, आणि ही सोय मागण्यात संकोच करू नये. मात्र केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

सर्वाधिक मनस्ताप होतो तो उशीर झाल्याने. विस्मरणाचा आजार बळावल्यावर मुले वडिलांकडून सही घेऊ पाहतात, पण आपण काय करत आहोत हे ज्याला उमगत नाही त्याची सही कायद्याने टिकत नाही. आधी केलेले मुखत्यारपत्रही, मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्यात गुंतलेला नसेल तर, भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार लिहून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेल्यावर संपुष्टात येते. मग पालक नेमण्यासाठी न्यायालयात जावे लागते. म्हणून प्रकृती ठीक असतानाच बँकेतील संयुक्त खाते आणि नामनिर्देशन यांचीही व्यवस्था करून ठेवावी.

मुखत्यारपत्र रद्द करताना केवळ रद्दलेख करून थांबू नये. मुखत्याराला आणि प्रत्येक बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी, कारण रद्द झाल्याचे जिला ठाऊक नाही अशा बँकेने केलेला व्यवहार तुमच्यावर बंधनकारक ठरू शकतो.