मेपलप्रेमींच्या मंडळात नव्याने येणाऱ्यांसाठी

ब्रिस्टलला आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात आपली मंडळी वेस्टनबर्टच्या वृक्षोद्यानात जातात, लालभडक झाडांखाली फोटो काढतात आणि घरी येतात. झाडाची खरी ओढ वाटत असेल तर तेवढ्यावर थांबू नका, मेपलप्रेमींच्या मंडळाचे सभासद व्हा. अर्ज आणि वर्गणीचं काम दहा मिनिटांचं.

तिथे नुसतं ‘मेपल’ म्हणून भागत नाही. इथले लोक जपानी मेपललाच ‘एसर’ म्हणतात. पण रस्त्याकडेचा सिकॅमोरही एसरच आणि कुंपणातला फील्ड मेपलही. या देशातला मूळचा मेपल तो एकटाच. म्हणून लॅटिन नावं पाठ करा. इंग्रज माणूस अबोल असतो असं आपण धरून चालतो. त्याच्या ‘एसर पामाटम’बद्दल, म्हणजे जपानी मेपलबद्दल विचारा, तासभर बोलेल. आणि पानाच्या आकारावर जाऊ नका, फांदी बघा. मेपलची पानं समोरासमोर येतात, तशाच पानांच्या लंडन प्लेन झाडाची एकाआड एक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोप खोल लावू नका. मी १४० पौंडांचं ‘सांगो काकू’ या जपानी मेपलचं कलम आणलं, हिवाळ्यात पोवळ्यासारख्या फांद्या होणारं. वाऱ्याने हलू नये म्हणून वीतभर खोल पुरलं आणि सालींच्या भुग्याचा ढीग खोडाला टेकवला. तिसऱ्या वसंतात डोळे फुगले, पण उमललेच नाहीत. मंडळातल्या एक बाई गुडघ्यावर बसून भुगा हाताने बाजूला करत गेल्या. खाली साल काळी, ओली. नखाने सुटून आली. देवगडला आजोळी हापूसच्या कलमाचा सांधा मातीखाली जाऊ देत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. तरी मी तो पुरला, याचं आजही वाईट वाटतं.

खोड जिथे मुळांकडे पसरतं तो भाग उघडा हवा. भुगा खोडापासून चार बोटं लांब. सांध्याच्या खालून फुटवा आला की लगेच काढा, तो खुंटाचा असतो.

जागा सकाळच्या उन्हाची, वाऱ्याआड. कुंडी असेल तर पावसाळी हिवाळ्यात विटांवर ठेवा.

पुण्याला बिया बॅगेतून नेऊ नका. परवाना लागतो, आणि रुजायला लागणारी दीर्घ थंडी तिथे मिळत नाही.

पहिल्या बागभेटीला छत्रीऐवजी रेनकोट घ्या. हात मोकळे हवेत, कुणीतरी फांदी हातात देतंच.